पंधरा मिलिमीटर जास्ती

मला पस्तीस मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स हवी होती. झूम नको, उजेड हवा. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त. गेल्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, होमाच्या रात्री नागफणी बांधलेला नंदीध्वज कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या १८-५५ च्या झूम लेन्सनं टिपला. ५५ वर ती एफ ५.६ च्या पुढं उघडतच नाही. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळवायचा आकडा, ६४०० केला, तर फोटोवर कुणी हुरडा सांडल्यासारखे दाणे! एफ १.८ म्हणजे त्याच्या जवळपास दसपट उजेड.

दुकानदार म्हणाला, "पस्तीस नाही. पन्नास घ्या, स्वस्त पडतंय."

माझ्या निकॉनचा सेन्सर लहान, दीडपटीच्या हिशोबाचा. पन्नासची त्यावर पंचाहत्तर होते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पुतणीचा पूर्ण फोटो घ्यायचा तर मागं सरत सरत मला मोरीत उभं राहावं लागेल. पस्तीसची साडेबावन्न होते, पुतणी आणि मी दोघंही खोलीत राहतो. हे सगळं मी समजावत असताना बाकड्यावरचे एक काका उठून आले. पेन्शनच्या कुठल्याशा कागदाला फोटो हवा म्हणून ते थांबले होते.

"काय घ्यायलास बे?"

"लेन्स."

"झूम होतंय?"

"नाही."

"मग लांबचं?"

"चालत जवळ जायचं."

काकांनी माझ्या चपलांकडं पाहिलं. "आन् लईच जवळ असलं तर?"

"मागं सरायचं."

"म्हणजे हमाली बी तुझीच आन् पैशे बी तूच द्यायचं?"

याला उत्तर नाही. चार दिवस झाले, अजून सुचलेलं नाही.

काका जन्मभर मिलमध्ये कापड मोजलेले. "पस्तीस मागितलं, हा पन्नास द्यायलाय. ते बी कमी पैशात. पंधरा जास्ती की! आमच्याकडं पंधरा वार जास्ती गेलं असतं तर खातं बंद पाडलं असतं." दुकानदार इतक्या आदरानं मान डोलवत होता की पुढच्या गिऱ्हाइकाला तो हेच सांगणार, याची मला खात्री पटली.

पस्तीस का ठेवत नाही? तर सगळे पन्नासच नेतात. सगळे पन्नास का नेतात? तर दुसरं काही नसतंच. मागवली की "सोमवारी येतंय." कुठला सोमवार, हे विचारायचं नाही. मग ऑनलाइन मागवावी, तर हेच लोक म्हणणार, गावातला धंदा बुडवला.

दुकानदारानं खालच्या खणातून पन्नासची जुन्या 'डी' प्रकारची लेन्स काढून माझ्या कॅमेऱ्याला लावली. या लेन्सला फोकसची मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत लागते, आणि माझ्या स्वस्तातल्या बॉडीत ती नाही. बटण दाबलं, लेन्स ढिम्म. "हातानं फिरवा की," म्हणत त्यानं स्वतःच काकांचा फोटो काढला. दीड मीटरवर एफ १.८ ला पुढून मागं जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटरच स्पष्ट येतं. काकांचं नाक आलं, मिशी आली.

"माझं कान कुठं गेलं?"

"काका, याला बोके म्हणतात. मागचं धूसर—"

"बोक्यानं नेलं व्हय कान? हापिसातली बाई म्हणती, दोन्ही कान दिसाय पायजेत!"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनापासून नव्हतं.

शेवटी दुकानदारानं माझीच जुनी १८-५५ लावून, भोक बारीक करून एफ ८ वर, फ्लॅश टाकून फोटो काढला. दोन्ही कान स्वच्छ. आठ प्रती निघाल्या. पैसे त्यानं घेतले. कॅमेरा माझा, लेन्स माझी, मला कुणी चहासुद्धा विचारला नाही. निघताना काकांनी एक प्रत कापून माझ्या हातात ठेवली.

"ठेव. पस्तीसवाला आला की दाखव, म्हणावं असा पायजे."

सोमवार काल होऊन गेला. काका माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत आहेत.