गांजा कायदेशीर करा, पण आधी नियम लिहा

स्वतःपुरता गांजा बाळगला म्हणून कुणालाही तुरुंगात टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि गांजाचा धंदा मोकाट सोडू नये, हेही तितकंच ठाम मत आहे. या दोन गोष्टी एका दमात म्हटल्या की दोन्ही बाजू चिडतात, म्हणून तपशिलात जाणं भाग आहे.

बंदीचा सगळ्यात मोठा तोटा म्हणजे माल कुणीच तपासत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप, म्हणजे तेल तापवून त्याची वाफ ओढायचं उपकरण, वापरणाऱ्यांची फुप्फुसं निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून जास्त लोक रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ जण दगावले. मुख्य कारण निघालं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. काळ्या बाजारातलं टीएचसीचं (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं) तेल पातळ केलेलं कळू नये, म्हणून विक्रेते हे अ‍ॅसिटेट त्यात दाटपणासाठी मिसळत होते. पोटात गेलं तर फारसा त्रास न देणारा हा पदार्थ, पण तापवून फुप्फुसात ओढला की जिवावर बेततो.

पण कायदेशीर केलं की तपासणी आपोआप नीट होते, हा भ्रम आहे. गांजाचं रोप जमिनीतलं कॅडमियम, शिसं शोषून घेतं. वाळवताना ओल राहिली तर बुरशी धरते. ब्यूटेन वायू द्रावक म्हणून वापरून अर्क काढला तर त्याचा अंश मागे राहू शकतो. म्हणजे प्रत्येक खेपेची जड धातू, बुरशी, कीटकनाशकं, द्रावकं आणि टीएचसी अशी पाच प्रकारची चाचणी हवी. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत प्रयोगशाळा निवडण्याची आणि तिला पैसे देण्याची मुभा उत्पादकालाच होती. टीएचसीचा आकडा मोठा तर भाव जास्त, त्यामुळे फुगवलेला आकडा देणाऱ्या प्रयोगशाळेकडे गिऱ्हाईक वळलं आणि प्रामाणिक प्रयोगशाळेचं काम घटलं. यावर उपाय अवघड नाही. नमुना सरकारी निरीक्षकाने उचलावा, प्रयोगशाळा चिठ्ठी टाकून ठरावी आणि दुकानातल्या फळीवरचा माल अधूनमधून पुन्हा तपासावा. हे कलम पहिल्या दिवसापासून कायद्यात नसेल, तर नंतर ते घालू द्यायला धंदेवाले तयार होत नाहीत.

खाण्याच्या पदार्थांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ओढलेल्या गांजाचा अंमल काही मिनिटांत कळतो, त्यामुळे माणूस थांबू शकतो. खाल्लेला गांजा चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, कारण तो आधी यकृतात जातो. तिथे टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, तेही जोरदार नशा आणणारं. तासाभरात काही जाणवलं नाही म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो आणि मग दोन्ही मिळून चढतात. छाती धडधडते, भीतीने गाळण उडते, उलट्या होतात, आणि हे सहा-आठ तास चालू शकतं. नवख्यासाठी २.५ मिलिग्रॅम टीएचसी पुरे. कॅनडाने एका पाकिटात १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका तुकड्यात १० आणि पाकिटात १०० मिलिग्रॅम चालतं. दहापट फरक! लहान मुलाच्या हाती पाकीट लागलं तर हाच फरक निर्णायक ठरतो. कोलोरॅडोला प्राण्यांच्या आणि फळांच्या आकाराच्या गोळ्यांवर पुढे बंदी घालावी लागली. ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

गाडी चालवण्याचा प्रश्न दारूच्या मापाने सुटत नाही. रक्तातली दारू आणि नशा यांचं प्रमाण बऱ्यापैकी जुळतं. टीएचसी चरबीत साठतं. रक्तातली पातळी ओढल्यावर झपाट्याने उतरते, तरी अंमल टिकून असतो. उलट रोज ओढणाऱ्याच्या रक्तात तो शुद्धीवर असतानाही अंश सापडतो. म्हणून कोलोरॅडोची मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमची किंवा जर्मनीची ३.५ नॅनोग्रॅमची मर्यादा ही तडजोड आहे. आकड्याच्या जोडीला डोळे, तोल आणि लक्ष यांची जागेवर तपासणी करणारे प्रशिक्षित पोलीस लागतातच. लघवीची चाचणी तर या कामाला निरुपयोगी, ती कित्येक आठवड्यांपूर्वीचा वापरही दाखवते.

कर कशावर लावायचा, हा मुद्दा रटाळ वाटतो, पण फार महत्त्वाचा आहे. वजनावर लावला तर उत्पादक कमी वजनात जास्त टीएचसी कोंबतो. टीएचसीवर लावला तर हलका माल स्वस्त राहतो, पण मग प्रयोगशाळा खोटी असून चालत नाही. कर अति झाला तर काळा बाजार जगतो, कॅलिफोर्नियात तेच दिसलं. हलका माल स्वस्त राहणं गरजेचं आहे. रोज तीव्र गांजा ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका ठळकपणे वाढलेला आढळतो, आणि किशोरवयात सुरुवात केली तर व्यसन जडण्याची शक्यता मोठ्यांपेक्षा बरीच जास्त असते. अर्कात टीएचसी ६० ते ९० टक्के असू शकतं. असे अर्क दुकानात खुले ठेवायला माझा विरोध आहे.

मला पटणारा नमुना जर्मनीचा आहे. १ एप्रिल २०२४ पासून तिथे प्रौढाला बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम आणि तीन रोपं ठेवता येतात. जास्तीत जास्त ५०० सभासदांचे ना-नफा क्लब गांजा पिकवून सभासदांना देतात, १८ ते २१ वयाच्यांना १० टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसीचा माल देत नाहीत. दुकानं नाहीत, जाहिरात नाही. उलट थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला तेव्हा विक्रीचा सर्वंकष कायदाच तयार नव्हता. हजारो दुकानं उघडली आणि २०२५ मध्ये विक्री पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीला बांधावी लागली.

शेवटचं कलम जुन्या शिक्षांचं. कॅनडाने किरकोळ बाळगणुकीच्या नोंदींसाठी माफीचा अर्ज मोफत केला, तरी फार थोड्यांनी तो भरला. जुनी कागदपत्रं गोळा करत फिरणं सगळ्यांना जमत नाही. नोंद सरकारच्या दप्तरात आहे, तेव्हा ती सरकारने स्वतःहून पुसावी, आणि कायदा लागू होईल त्याच तारखेला.