ड्युरंटला 185 पाउंड उचलता आले नाहीत म्हणून कंडिशनिंग फालतू? अजिबात नाही

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये उंची आणि टॅलेंट असलं की काम झालं, कंडिशनिंग (शरीराचा दम आणि ताकद वाढवायचा सराव) हे कोच लोकांचं खूळ. पुरावा काय तर केव्हिन ड्युरंट, एनबीए या तिथल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगमधला स्टार, ज्याला 185 पाउंड उचलता आले नाहीत. पुढे असंही की वेट्स मारले की शूटिंग बिघडतं, दुखापत म्हणजे नशीब, आणि शरीर काय, एनबीएत गेल्यावर बनवता येतं. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण सोळा-सतरा वर्षांची पोरं हे खरं मानून पुढे पाठवतायत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ड्युरंट. 2007 च्या ड्राफ्टआधीच्या (ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू क्रमानं निवडतात ते) चाचण्यांत त्याला 185 पाउंड, म्हणजे साधारण 84 किलोचा बेंच प्रेस एकदाही मारता आला नाही, हे शंभर टक्के खरं. पण त्याआधीच्या सीझनमध्ये तो टेक्सास युनिव्हर्सिटीकडून काय करत होता ते मेसेजमध्ये नाही. मॅच 40 मिनिटांची आणि हा सरासरी 36 मिनिटं कोर्टवर, त्यात मॅचला 25.8 पॉइंट आणि 11.1 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), आणि असं एक-दोनदा नाही तर 35 मॅच. हा दम कुठून आला? बेंच प्रेस छातीची आणि दंडाची ताकद मोजतो, त्यात हात लांब असले की बार जास्त अंतर ढकलावा लागतो, आणि ड्युरंटचे हात किती लांब आहेत ते सगळ्यांना माहितीये. कंडिशनिंग म्हणजे पळून, उडी मारून, धक्के खाऊन परत तेवढ्याच वेगानं पळता येणं, आणि ते तुम्ही बेंचवर झोपून मोजणार असाल तर उत्तर चुकीचंच येणार.

आता उंची. याच्यावर मी जरा जास्त बोलणारे. 1964 ची यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीची टीम बघा, कोच जॉन वुडनची पहिली चॅम्पियन टीम, सुरुवातीच्या पाच जणांत एकही 6 फूट 5 इंचांच्या वर नव्हता. फायनलला समोर ड्यूक, त्यांच्याकडे 6 फूट 10 इंचांचे दोघं. यूसीएलएनं पूर्ण कोर्टभर प्रेस लावला, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच टोकापासून अडवत राहिले, पहिल्या हाफमध्ये सलग 16 पॉइंट काढले आणि मॅच 98-83 अशी जिंकली, सीझन 30-0. आता पूर्ण कोर्ट प्रेस ही स्ट्रॅटेजी कागदावर कुणीही काढू शकतं हो, पण पाय साथ देत नसतील तर दहा मिनिटांत तीच उलटते, कारण प्रेस फुटला की मागे कोणी नसतं आणि समोरच्याला फुकटचा लेअप मिळतो. वुडनच्या प्रॅक्टिस छोट्या असायच्या पण त्यात उभं राहायला वेळच नसायचा, ते कंडिशनिंगच होतं.

आणि उंचच माणूस हवा असेल तर झॅक इडी घ्या, पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा, 7 फूट 4 इंच. पहिल्या वर्षी तो मॅचला 15 मिनिटांच्या आसपास खेळायचा, दुसऱ्या वर्षी 19, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी जवळजवळ 32. उंची पहिल्या दिवशी होती तेवढीच शेवटच्या दिवशी! मान्य, पहिली दोन वर्षं त्याच जागेवर दुसरा चांगला खेळाडू होता, म्हणून मिनिटं वाटली गेली, सगळं श्रेय दमाला देत नाही. पण एवढं मोठं शरीर घेऊन 32 मिनिटं या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं, प्रत्येक वेळी दोन-दोन माणसांचे धक्के खाऊन जागा धरायची, हे उंचीनं आपोआप होत नाही. 2023 आणि 2024 असं लागोपाठ दोनदा तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, ते त्या 32 मिनिटांत.

वेट्समुळे शूटिंग बिघडतं हा मुद्दा लवकर संपवतो. लांबचा शॉट पायांतून सुरू होतो, पाय थकले की बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागतो, हे खेळलेल्या कुणालाही विचारा. ड्यूकच्या जेजे रेडिकनं दुसऱ्या वर्षानंतर खाणंपिणं आणि राहणी बदलली, वजन उतरवलं. सरासरी 15.9 वरून 21.8 आणि मग 26.8 पॉइंट. हात तोच होता ना? फरक हा की बॉल नसताना स्क्रीनमागून स्क्रीनमागे (स्क्रीन म्हणजे डिफेंडरला अडवायला उभा राहिलेला साथीदार) पळत राहून शेवटच्या मिनिटाला पण तो त्याच पोझिशनमध्ये उभा राहू शकत होता.

दुखापत म्हणजे नशीब, हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच धोकादायक आहे. ग्रेग ओडन 2007 ला ड्युरंटच्याही आधी, पहिल्या नंबरवर गेला, गुडघ्याच्या सर्जरीमुळे पहिला सीझन खेळलाच नाही आणि एनबीएत एकूण 105 मॅच खेळून संपला. त्यानं मेहनत केली नाही असं मी कधीच म्हणणार नाही, काही शरीरांवर अन्याय होतो. पण एनबीएतला स्टेफ करी बघा. डेव्हिडसन कॉलेजमधून आलेला सडपातळ पोरगा, 2011-12 ला घोट्यामुळे फक्त 26 मॅच, त्याच घोट्यावर दोन सर्जरी. मग ट्रेनर लोकांनी घोट्यावर अडकून न राहता खुब्याभोवतीचे स्नायू मजबूत केले, कारण थांबताना-वळताना जो भार खुब्यानं घ्यायचा तो घोट्यावर पडत होता. पुढे तो 400 पाउंडांची डेडलिफ्ट मारायला लागला आणि 2015, 2016 ला एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

मुलींच्या बाबतीत तर हे अजून महत्त्वाचं, त्यांच्यात एसीएल (गुडघ्यातला एक लिगामेंट) फाटायचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि उडीनंतर गुडघा आत न वळवता उतरायची सवय लावली तर तो धोका कमी होतो हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. यूकॉन (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) च्या पेज ब्युकर्सचा 2022 च्या ऑगस्टमध्ये एसीएल फाटला, अख्खा सीझन गेला. 2025 ला ती चॅम्पियन झाली आणि डब्ल्यूएनबीए, म्हणजे महिलांच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिली गेली, आणि ज्या पोरीला वाटतंय की हे सगळं नशीबच आहे तिनं त्या मधल्या काळातल्या मेहनतीचा विचार करावा.

राहिला तो शरीर एनबीएत गेल्यावर बनवू, हा मुद्दा. झायन विल्यमसन ड्यूकला होता तेव्हा वजन 285 पाउंड लिहिलेलं असायचं, उडी अशी की बघत राहावं. 2019 ला पहिल्या नंबरवर गेला. पहिल्या सीझनला 24 मॅच, 2021-22 ला एकही नाही. कारणं दुखापतीचीच, पण एवढ्या वजनानं एवढ्या वेगात उतरताना गुडघ्यावर आणि पायावर काय येत असेल ते समजायला डॉक्टर लागत नाही. एनबीएत 48 मिनिटांची मॅच, 82 मॅच, मधे प्रवास, तिथे शरीर घडवायला निवांत वेळ मिळतच नाही, जे आहे ते टिकवता टिकवता दमछाक होते. उलट कॉलेजात सीझन चालू असताना एनसीएएचा (कॉलेज खेळांची संघटना) नियम आहे की टीमच्या कामाला आठवड्याला 20 तासांच्या वर घेता येत नाही, म्हणजे पाया उन्हाळ्यातच घालायला लागतो.

आणि मुळात एनबीएत जातात किती जण? शंभरात एखाद-दुसरा. बाकीच्यांचं करिअर म्हणजे ती चार वर्षं आणि फार तर परदेशातल्या लीगमधला एखादा करार. अशा खेळाडूला चार मिनिटं उरलेली असताना कोच आत ठेवतो की बसवतो हे फार साध्या गोष्टीवर ठरतं, समोरची टीम फास्ट ब्रेकला, म्हणजे झटपट हल्ल्याला निघाली की हा परत पळतो का गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहतो.