वॉर्ड बाँड त्या भागात आहे की!

जुन्या अमेरिकन मालिकांच्या चाहत्यांत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. 'वॅगन ट्रेन' या पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांच्या तांड्यावरच्या मालिकेचा नायक वॉर्ड बाँड अचानक वारला, मग जिवलग दोस्त आणि सिनेनट जॉन वेन धावून आला, सिनेदिग्दर्शक जॉन फोर्डने श्रद्धांजली म्हणून एक भाग दिग्दर्शित केला, वेनने बाँडची जागा भरून काढली आणि पुढे मालिका गुंडाळली. वाचताना गळा दाटून येतो. पण यात बाँडचा अचानक मृत्यू, दोस्ती आणि फोर्डचं दिग्दर्शन एवढंच खरं.

आधी श्रद्धांजलीचं बघू. हा भाग म्हणजे 'द कोल्टर क्रेव्हन स्टोरी'. बाँड गेला 5 नोव्हेंबर 1960 ला, डॅलसमध्ये, हृदयविकाराने, वयाच्या 57व्या वर्षी. भाग दाखवला गेला 23 नोव्हेंबरला. मधल्या अठरा दिवसांवरूनच ही कथा रचली गेली असावी. पण भाग लावून तर बघा! तांड्याचा म्होरक्या मेजर अॅडम्स म्हणून बाँड स्वतःच त्यात वावरतोय. म्हणजे चित्रीकरण त्याच्या हयातीतच उरकलं होतं.

वेनने जागा भरून काढली, हे तर त्याहून गमतीचं. दारूच्या आहारी गेलेला, हात थरथरतील या भीतीने शस्त्रक्रियेला नकार देणारा एक डॉक्टर तांड्यात असतो. त्याला धीर द्यायला अॅडम्स आपल्या जुन्या मित्राची, सॅम ग्रँटची गोष्ट सांगतो. सॅम म्हणजे युलिसिस ग्रँट, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला. 1854 मध्ये सैन्य सोडलेला, दारुडा म्हणून बदनाम झालेला, गलीना गावात बापाच्या चामड्याच्या दुकानात काम करणारा. तोच 1862 मध्ये, अमेरिकन यादवी युद्धात, शायलोच्या रणांगणावर सेनापती म्हणून उभा राहतो. त्या रात्रीच्या अंधारात त्याचा सहकारी जनरल शर्मन क्षणभर दिसतो. दिसतो म्हणजे काय, चेहरा सावलीतच, आवाजावरून ओळखायचा. तो वेन! नामावलीत त्याचं नाव मायकेल मॉरिस, कारण मूळ आडनाव मॉरिसन. पाणी प्यायला उठलात तर वेन हुकला म्हणून समजा.

फोर्ड आणि बाँडचं नातं मात्र मालिकेहून जुनं. फोर्डच्या 1950 च्या 'वॅगन मास्टर' सिनेमात तांड्याचं नेतृत्व बाँडनेच केलं होतं. मालिकेची कल्पना त्यावरूनच आली. या भागात फोर्डने त्या सिनेमातली काही दृश्यंही वापरून घेतली. त्यामुळे बघणाऱ्याला दहा वर्षांपूर्वीच्या गाड्या दिसतात.

मालिका गुंडाळली म्हणणाऱ्यांनी तर तारखाही बघितलेल्या नाहीत. बाँडचे आधीच तयार असलेले भाग पुढचे काही महिने दिसत राहिले. 1961 मध्ये जॉन मॅकइंटायर ख्रिस्तोफर हेल होऊन म्होरक्या झाला, आणि 1961-62 च्या हंगामात मालिका प्रेक्षकसंख्येत अमेरिकेत पहिली आली! ती संपली 1965 मध्ये.

वेनने दोस्ताला निरोप दिला तो अंत्यविधीच्या वेळी, स्वतः बोलून. तिथे मात्र त्याचा चेहरा सावलीत नव्हता.