केमिकल कचऱ्याचे कागद कमी करू नका, ते गावाला वाचायला द्या

हल्ली उद्योगवाल्या मित्रांकडून एकच तक्रार ऐकतोय, की घातक कचऱ्याची कागदपत्रं एवढी वाढलीत की माणसाने धंदा करायचा की नुसते फॉर्म भरत बसायचं. मी स्वतः बरीच वर्षं एका केमिकल कंपनीत एन्व्हायर्न्मेंट डिपार्टमेंटला काढली आहेत, हे सगळे फॉर्म माझ्या हाताखालून गेलेत, त्यामुळे त्यात काय डोकेदुखी असते हे मला कुणी सांगायला नको. तरीपण माझं मत ठाम आहे, यातला एकही कागद कमी होता कामा नये. अडचण कागद जास्त असण्याची नाहीच, ज्या गावाच्या विहिरींसाठी तो कागद केलाय त्या गावाला तो कधी दिसतच नाही, ही अडचण आहे.

आधी कचरा म्हणजे काय ते सांगतो कारण लोकांना वाटतं प्लास्टिक बिस्टिक असेल. लोटे, महाड, रोहा, तळोजा, आपल्या कोकणपट्टीत रंग, औषधं, कीटकनाशकं यांचे कारखाने आहेत, तिथे माल तयार झाला की मागे उरतो तो डिस्टिलेशनचा काळा डांबरासारखा गाळ, वापरून झालेलं सॉल्व्हंट, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचा) स्लज, केमिकल लागलेले रिकामे ड्रम. हे कुठेही टाकता येत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत ३८ प्रकारच्या प्रोसेसची यादीच आहे, त्यातून जे निघेल ते घातक धरायचं. मग फॉर्म १ भरून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज, मंडळाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा, ऑथरायझेशन मिळतं ५ वर्षांचं. कचरा आवारात ९० दिवसांच्या वर ठेवायचा नाही (वर्षाला १० टनांपर्यंतच कचरा असलेल्या छोट्या युनिटला मुदत वाढवून मिळू शकते, हे पण आमचे मित्र सांगत नाहीत). रोजचं रजिस्टर फॉर्म ३, वर्षाचा हिशोब फॉर्म ४, तो ३० जूनपर्यंत.

आणि गाडी गेटबाहेर पडताना फॉर्म १०, म्हणजे मॅनिफेस्ट, मालासोबत जाणारा कागद. सगळ्यात जास्त बोंब याच्याच नावाने असते, कारण याच्या सात प्रती, सात रंगांच्या. पांढरी मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे, केशरी ट्रान्सपोर्टरला, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला, निळी घेणाऱ्याकडून परत पाठवणाऱ्याला, आणि दुसऱ्या राज्यातून माल आला असेल तर राखाडी त्या राज्याच्या मंडळाला. आता ही निळी प्रत नीट समजून घ्या. लोट्यातून १० टन निघाले आणि तळोज्याच्या कॉमन साइटवर (अनेक कारखान्यांचा कचरा जिथे जातो तिथे) १० टन उतरले, हे सांगणारी ती पावती आहे. मधे सगळा हायवे आहे, कशेडी, पोलादपूर, महाड, माणगाव, वडखळ, आणि हायवेला लागून पऱ्ये आहेत, वहाळ आहेत (ओढे-नाले), रात्री दोन वाजता कुणी नसतं. निळी प्रत परत आली नाही किंवा आकडा जुळला नाही तर माल वाटेत कुठे गेला हे विचारायला निदान एक धागा हातात राहतो. हा कागद काढून टाकलात तर वहाळात काय ओतलंय ते दिसेल, पण कुणी ओतलं हे कधीच कळणार नाही. दाभोळ खाडीच्या काठावरच्या आमच्या भोई लोकांना विचारा, मासे मरून वर आले की पंचनामे होतात, बाटल्यांत पाणी भरून नेलं जातं, आणि पुढे कुणाचं नाव सिद्ध होत नाही. जाळं मात्र रिकामंच असतं ना.

त्या सात प्रतींमधली एकही ग्रामपंचायतीला नाही. ज्यांच्या हद्दीतून तो टँकर जातो, ज्यांच्या हद्दीत तो कचरा पुरला जातो, त्यांचा कुठल्याच रंगाच्या कागदावर हक्क नाही. माझं म्हणणं आहे आठवी प्रत काढा आणि ती पंचायतीला द्या, आता तर सगळं ऑनलाइन आहे, एक लॉगिन द्यायला कितीसा खर्च येतो.

आता कचरा पुरायच्या किंवा जाळायच्या साइटची परवानगी. ती २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) नोटिफिकेशनखाली येते. इन्सिनरेटर (जाळायची भट्टी) असेल तर प्रकल्प ए कॅटेगरीत म्हणजे दिल्लीतून परवानगी, नुसतं लँडफिल (पुरायची जागा) असेल तर बी, म्हणजे राज्य पातळीवर. इथे जनसुनावणी असते, ३० दिवस आधी पेपरात नोटीस, रिपोर्टचा सारांश मराठीत, सुनावणीला कलेक्टर किंवा त्यांच्या वतीने ॲडिशनल कलेक्टरपेक्षा कमी नाही असा अधिकारी, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग. वाचायला छान वाटतं. पण याला कोरम नाही, दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. मोठा रिपोर्ट इंग्रजीत. आणि नोटिफाइड इंडस्ट्रियल एरियाच्या आत साइट असेल तर सुनावणीतूनच सूट मिळू शकते. एका सुनावणीला मी मागे बसलो होतो, एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, साहेब, ही कंपनी गेल्यावर आमच्या बावीचं पाणी कोण तपासणार हो? उत्तर आलं, आजी, ते सगळं रिपोर्टमध्ये आहे. आजी खाली बसल्या. एवढा नेमका प्रश्न मी कुठल्या कन्सल्टंटच्या तोंडून ऐकलेला नाही, कारण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या गाइडलाइनप्रमाणे लँडफिल बंद झाल्यावर पुढे ३० वर्षं देखरेख करायची असते, विहिरींचं पाणी, आतून झिरपणारं लीचेट, वरचं झाकण, सगळं. ३० वर्षं! तेव्हा ती कंपनी, तो मॅनेजर, तो अधिकारी कुणीच तिथे नसणार, आजीची नातवंडं असतील.

आणि कोकणात हा प्रश्न देशापेक्षा जास्त बिकट आहे कारण आपला दगडच वेगळा. साइट शोधताना सगळ्यांची नजर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर जाते. सातबाऱ्यावर पोटखराबा, रिपोर्टमध्ये 'पडीक, वनस्पती नाही'. अरे बाबांनो, सडा पडीक नसतो. जांभा सच्छिद्र आहे, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस चार महिन्यांत पडतो, तो सड्यावर मुरतो आणि खाली वाडीच्या झऱ्यात, विहिरीत, वहाळात येतो. सडा म्हणजे पायथ्याच्या गावाची टाकी आहे. लँडफिलच्या तळाला एचडीपीईचं (जाड प्लास्टिकचं) लायनर, माती, परत लायनर असं सगळं असतं, मान्य, चांगलं इंजिनिअरिंग आहे, पण कोकणच्या पावसात उघड्या सेलमध्ये (कचरा भरायच्या खड्ड्यात) पाणी भरलं तर लीचेट किती होणार आणि ते साठवायची टाकी केवढी, हे हिशोब जुलैच्या पावसावर केलेत की वर्षाच्या सरासरीवर? २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये पाणी कुठवर चढलं ते आपण बघितलंय. परवानगीच्या फाइलमधे त्या दिवसाचा पाऊस धरलाय का, हा एक प्रश्न विचारला तरी पुरे.

२०२० ला ईआयएचा नवा मसुदा आला त्यात लोकांना मिळणारे ३० दिवस २० वर आणायचे होते. वीस दिवसांत नोटीस कळणार कधी, रिपोर्ट मिळणार कधी, कुणाकडून वाचून घेणार कधी? तो मसुदा अजून अंतिम झाला नाही, पण विचार कुठल्या दिशेने चाललाय ते कळतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा काढून तिथे दंड आणला, १०,००० ते १५ लाख. मला हे अजिबात पटलेलं नाही. ज्यांच्या एका बॅचची किंमत त्याहून जास्त असते त्यांना १५ लाखांची भीती कसली वाटणार. शिक्षा सौम्य केली असेल तर निदान नोंदी तरी कडक ठेवा, दोन्ही सैल करून कसं चालेल.

भोपाळचं बघा. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा, दुर्घटना १९८४ ची, आणि तो कंटेनरमध्ये भरून इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळायला न्यायला २०२५ चा जानेवारी उजाडला, तोही हायकोर्टाने दम दिल्यावर. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले कारण त्यांना कुणी नीट काही सांगितलंच नव्हतं. मग ट्रायल रन, मोजमापं, आणि त्यानंतर कचरा जाळला गेला. आधीच विश्वासात घेतलं असतं तर लोक एवढे घाबरले नसते असं मला अगदी मनापासून वाटतं.

उद्योगवाल्यांचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. पोर्टल अडकतं, तेच तेच आकडे चार ठिकाणी भरावे लागतात, मंडळात माणसं कमी आहेत. ते सुधारा, आकडा एकदाच भरायला लावा, १२० दिवस म्हणजे १२० दिवसच ठेवा, माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण सुधारणा म्हणून सुनावणी उडवू नका, मॅनिफेस्ट ढिला करू नका.

आणि गावातल्यांनो, आपल्याकडून पण मागणी जायला पाहिजे. मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा रिपोर्ट द्यावा लागतो, तो सार्वजनिक कागद आहे, ग्रामसभेत ठराव करून मागा. फॉर्म ४ माहिती अधिकारात मागा. कारखान्याच्या गेटवर कचऱ्याच्या आकड्यांचा बोर्ड असतो, सुप्रीम कोर्टाच्या २००३ च्या आदेशापासून तो लावायचाच आहे, त्याचा तारखेसकट फोटो काढा, आकडे महिनोन्‌महिने तेच असतील तर लेखी विचारा. सुनावणी संपली की इतिवृत्त तिथेच मराठीत वाचून दाखवायला सांगा, तसा नियमच आहे, वाचल्याशिवाय उठू नका, आपला प्रश्न त्यात आलाय का ते बघा.

ज्यांच्या गावात अशी नोटीस लागली असेल त्यांनी मला मेसेज करा, मराठी सारांश आणि इंग्रजी रिपोर्ट दोन्ही पाठवा. पानं कितीही असोत, मी वाचून कुठे काय विचारायचं ते मराठीत लिहून देईन, पैसे नकोत. फक्त नोटीस लागल्या लागल्या कळवा, आदल्या दिवशी नको.