'भीतीचा व्यापार' या आरोपाला उत्तर

महोदय,

कोविड लसीकरणानंतर हृदयावर होणाऱ्या दुष्परिणामांची पाहणी कशी व्हावी, याविषयीच्या माझ्या लेखावर आपण 'एक डॉक्टर' या नावाने प्रतिक्रिया लिहिलीत. तिच्यात मुद्दे चार आहेत. पण त्या चारांपेक्षा 'घरबसल्या हृदयतज्ज्ञ', 'अर्धवट ज्ञान' आणि 'तुमच्यासारख्यांमुळेच लोक लस टाळतात' या शेऱ्यांनी अधिक जागा व्यापली आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र पहिल्याच वाक्यात लेखकाच्या हेतूवर संशय घ्यायचा आणि शेवटच्या वाक्यात त्याच्याकडून शास्त्रीय उत्तराची अपेक्षा करायची, ही रीत आपण रुग्ण तपासतानाही पाळत असाल, असे मला वाटत नाही.

आपले जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. लसींनंतरच्या दुष्परिणामांची नोंद करणारी अमेरिकेतील व्हेअर्स ही यंत्रणा सीडीसी, म्हणजे तिथली रोगनियंत्रण संस्था, चालवते, असे मी लिहिले होते. 1990 पासून चालू असलेली ही यंत्रणा सीडीसी आणि एफडीए, म्हणजे औषधांना परवानगी देणारी संस्था, या दोन्ही मिळून चालवतात. चूक माझी आहे. लेखात दुरुस्ती करतो. तिच्यामुळे लेखातला एकही निष्कर्ष बदलत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असावे, पण ते असो.

आता आपल्या त्या वाक्याकडे येतो. आपण लिहिता, "लक्षणे नसलेल्या माणसाच्या रक्तात ट्रोपोनिन शोधत बसणे हे विज्ञान नव्हे, भीतीचा व्यापार आहे." ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन आहे; स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते. आता, व्यापार म्हटला की नफा आला. या लेखातून मला कोणता नफा झाला, ते आपण सांगितले असते तर बरे झाले असते. दुसरे म्हणजे, लस घेणाऱ्या प्रत्येकाचे रक्त तपासावे, असे मी कुठेही लिहिलेले नाही. लस घेणाऱ्यांपैकी काही शेकडा किंवा काही हजार जणांचा गट त्यांच्या संमतीने आधीच निवडावा, ठरलेल्या दिवशी त्यांची तपासणी करावी आणि दुखणे घेऊन कोणी आपणहून येईल याची वाट पाहू नये, एवढेच माझे म्हणणे होते. हा परिच्छेद लेखाच्या उत्तरार्धात आहे. तिथवर आपण पोहोचला नसावात.

असे 'शोधत बसण्याचे' काम स्वित्झर्लंडमधील बासेल विद्यापीठाच्या रुग्णालयात झाले आणि 2023 साली प्रसिद्ध झाले. मॉडर्नाच्या कोविड लसीचा वर्धक डोस घेतलेल्या 777 रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या रक्तातील ट्रोपोनिन तिसऱ्या दिवशी मोजण्यात आले. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते. या 777 पैकी 22 जणांत लसीशी संबंध जोडता येईल अशी हृदयस्नायूची इजा आढळली. ती सौम्य आणि तात्पुरती होती, आणि पुढच्या 30 दिवसांत त्यांच्यापैकी कोणालाही हृदयाचा गंभीर त्रास झाला नाही. हे मी लेखातही लिहिले होते, कारण भीतीचा व्यापार करायचा असता तर हे वाक्य मी गाळले असते. पण मला थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने: त्या 22 जणांपैकी 20 स्त्रिया होत्या. तोवर आपणहून आलेल्या नोंदींच्या आधारे आपण सर्वच जण लसीनंतरचा मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयस्नायूची सूज, हा दुष्परिणाम मुख्यतः तरुण मुलांचा मानत होतो. ट्रोपोनिन वाढणे म्हणजे मायोकार्डायटिस नव्हे, हे मला शिकवण्याची गरज नाही; तरीही ज्या गटाकडे कोणी पाहतच नव्हते त्या गटात काहीतरी घडत होते, हे पाहिल्याशिवाय कळले नसते.

हा प्रश्न कोविडबरोबर जन्मलेला नाही. डिसेंबर 2002 पासून अमेरिकी सैनिकांना देवीची लस पुन्हा देण्यात आली, तेव्हा ती प्रथमच घेणाऱ्या 2,30,734 जणांत हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज आल्याच्या 18 घटना 2003 साली नोंदल्या गेल्या. म्हणजे लाखामागे साधारण आठ. पुढे त्याच लसीनंतर 1,081 जणांचा ठरवून पाठपुरावा करण्यात आला, आणि तिथे लक्षणांसह पाच रुग्ण आढळले, शिवाय 31 जणांत लक्षणांवाचून ट्रोपोनिन वाढलेले होते. लाखामागे आठ कुठे आणि हजारामागे पाच कुठे! लस तीच होती, फक्त विचारणारा माणूस बदलला होता. आपल्या भाषेत हासुद्धा व्यापारच ठरेल.

आपण विचारता, "या विषयाशी तुमचा संबंध काय?" विचारलेच आहे तर सांगतो. एका औषध कंपनीच्या सुरक्षा विभागात मी 14 वर्षे दुष्परिणामांचे अहवाल वाचत होतो. त्या अर्जावर 'लक्षणे सुरू झाल्याची तारीख' असा एक रकाना असतो आणि बहुतेक वेळा तोच कोरा असतो. छातीत दुखले, एवढे लिहिलेले असते. लसीनंतर दुसऱ्या दिवशी की चाळिसाव्या दिवशी, ते नसते. ईसीजी 'केला' असे असते, त्याचा निष्कर्ष नसतो. मग आम्ही पत्र पाठवायचो, स्मरणपत्र पाठवायचो, आणि उत्तर न आल्याची नोंद करून फाइल बंद करायचो. अशा किती फायली मी स्वतःच्या हाताने बंद केल्या, ते आता आठवायला नको वाटते.

आणि माझा भाचा. वय 19, फायझर-मॉडर्नासारख्या एमआरएनए लसीचा दुसरा डोस, तिसरी रात्र. आडवे झाले की छातीत दुखायचे आणि पुढे वाकून बसले की कमी व्हायचे, म्हणून तो रात्रभर उशी पोटाशी धरून पलंगाच्या कडेला बसून होता. हृदयाच्या आवरणाला सूज आली की दुखणे असेच वागते, हे आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असेल. ज्या डॉक्टरांनी त्याला प्रथम पाहिले त्यांनी त्याचे वय पाहून आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी ईसीजी काढला, ट्रोपोनिन तपासले आणि त्याला भरती करून घेतले. चार दिवसांनी तो घरी आला, सहा महिने खेळ बंद ठेवला, आज तो ठणठणीत आहे. पण लसीच्या दुष्परिणामाचा अर्ज त्या दोन्ही ठिकाणी कोणीही भरला नाही. मी भरला, तोही लसीचा बॅच क्रमांक मिळवण्यासाठी तीन फोन करून. त्याचा मामा या व्यवसायात नसता तर आपण ज्या आकडेवारीचा एवढा आधार घेता तिच्यात हा मुलगा नसताच. एका उदाहरणावरून नियम बनत नाही, हे आपण लिहिण्याआधीच मी लिहून ठेवतो.

राहिलेले मुद्दे. कोविडच्या संसर्गानेही मायोकार्डायटिस होतो, हे खरे आहे आणि लेखाचा तो विषय नव्हता. लसीचा फायदा तोट्यापेक्षा जास्त आहे, याबद्दल आपल्यात वादच नाही. मी स्वतः सर्व डोस घेतले आहेत. लसीनंतरच्या मायोकार्डायटिसचे बहुतेक रुग्ण बरे होतात, हेही खरे: सीडीसीने केलेल्या पाठपुराव्यात किमान 90 दिवसांनंतर 81 टक्के तरुण रुग्ण बरे झाल्याचे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले. उरलेल्या 19 टक्क्यांविषयी आपल्या प्रतिक्रियेत एक शब्द नाही, आणि माझा लेख त्यांच्याविषयीही होता.

पाहणीमुळे लोक लसीपासून पळतात, हे आपले विधान मात्र मला पटत नाही. इस्रायलमधून 2021 च्या वसंतात पहिले इशारे आले, 25 जून 2021 रोजी एफडीएने फायझर आणि मॉडर्नाच्या माहितीपत्रकांत मायोकार्डायटिसचा इशारा घातला, आणि त्याच नोंदींवरून पुढे 16 ते 17 वयाच्या मुलग्यांत फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर दहा लाखांमागे सुमारे 106 रुग्ण असा दर मिळाला. यातून लसीकरण बंद पडले का? फेब्रुवारी 2022 मध्ये सीडीसीने 12 ते 39 वयाच्या पुरुषांसाठी दोन डोसांमधील अंतर आठ आठवडे ठेवणे हितावह ठरू शकते, असे सांगितले. कॅनडाने तर ते आधीच सुचवले होते. लस तीच राहिली, अंतर वाढले. हे कोणीतरी मोजत बसल्यामुळेच सुचले.

लेखाचे शीर्षक बदलावे, अशी आपली शेवटची मागणी आहे. व्हेअर्सविषयीचे वाक्य मी आज रात्री दुरुस्त करीन. शीर्षक तसेच राहील. पुढची प्रतिक्रिया लिहिलीत तर आपण कोणत्या विषयाचे तज्ज्ञ तेही लिहावे, म्हणजे घरबसल्या हृदयतज्ज्ञ आपल्या दोघांपैकी नेमका कोण, एवढा तरी उलगडा होईल.