'ट्विस्टेड नर्व्ह' हा डाउन सिंड्रोमविषयीचा पुरावा नव्हे

'ट्विस्टेड नर्व्ह' या १९६८ सालच्या ब्रिटिश चित्रपटातील प्रसंग जोडून तयार केलेली एक चित्रफीत आणि तिच्यासोबतचा लांबलचक मराठी मजकूर सध्या कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या सख्ख्या भावंडांत गुन्हेगारी प्रवृत्ती जन्मतःच असते आणि गुणसूत्रांच्या अभ्यासाने ते सिद्ध झाले आहे. मजकुराच्या म्हणण्यानुसार चित्रपट सत्यघटनेवर बेतलेला आहे, भोळ्या दिसणाऱ्या मतिमंद माणसांपासून सावध राहावे, आणि हे सत्य दडपण्यासाठी ब्रिटनमध्ये चित्रपटावर बंदी घालण्यात आली. हा मजकूर माझ्या मावसबहिणीला एका नातेवाइकाने पाठवला. तिच्या धाकट्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, थोरल्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू आहे, आणि मजकुराखाली प्रश्न होता, "मुलीची तपासणी करून घेतलीस का?" एका सज्जन, कष्टाळू मुलीवर तिच्या भावाच्या गुणसूत्रांवरून संशय घेतला जात असेल, तर गप्प बसणे मला शक्य नाही.

सर्वांत घातक दावा भावंडांविषयीचा आहे, म्हणून आधी त्याकडेच वळतो. चित्रपटात हायवेल बेनेट यांनी रंगवलेला मार्टिन हा देखणा, गोड बोलणारा, श्रीमंत घरातला तरुण आहे. त्याचा भाऊ पीट याला डाउन सिंड्रोम असून तो संस्थेत राहतो. मार्टिन पुढे आपल्या सावत्र वडिलांचा कात्रीने खून करतो, आणि या दोन गोष्टींत काही नाते असावे असे प्रेक्षकाला वाटत राहील अशी कथेची मांडणी आहे. परंतु ज्यांनी हा चित्रपट काढला त्यांनीच हे नाते नाकारले आहे. त्या काळीच या सूचक मांडणीवरून वाद उठला आणि निर्मात्यांना चित्रपटाच्या प्रारंभी एक निवेदन जोडावे लागले: डाउन सिंड्रोम आणि मानसिक विकृती किंवा गुन्हेगारी वर्तन यांच्यात कोणताही प्रस्थापित वैज्ञानिक संबंध नाही. फिरत असलेल्या चित्रफितीत नेमके हे निवेदन नाही. ज्या कलाकृतीला पुरावा म्हणून उभे करायचे, तिनेच दिलेली साक्ष कापून टाकायची, याला मी निष्काळजीपणा म्हणू शकत नाही.

विज्ञानाची बाजूही तेव्हा अज्ञात नव्हती. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे फ्रान्समधील जेरोम लेज्यून, मार्त गोतिए आणि रेमाँ त्युर्पँ यांनी १९५९ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या नऊ वर्षे आधी, प्रसिद्ध केले होते. सुमारे ९५ टक्के व्यक्तींमध्ये ही जास्तीची प्रत स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची जोडी नीट विलग न झाल्यामुळे येते. ती घटना त्या एका बीजापुरती असते. त्याच आईवडिलांचे दुसरे मूल वेगळ्या स्त्रीबीजातून आणि वेगळ्या शुक्राणूतून जन्मलेले असते, त्यामुळे एका भावंडाच्या पेशीत घडलेला बदल दुसऱ्याच्या स्वभावात उतरण्याचा मार्गच नाही.

या दाव्यात अर्धे सत्य एकच आहे आणि तेही नाइलाजाने मान्य करतो. सुमारे तीन ते चार टक्के व्यक्तींमध्ये एकविसाव्या गुणसूत्राचा भाग दुसऱ्या गुणसूत्राला जोडला गेलेला असतो. यांपैकी काही कुटुंबांत आईकडून किंवा वडिलांकडून ही जोडणी वारशाने आलेली असू शकते आणि एखादे निरोगी भावंडही तिचे वाहक असू शकते. अशा वेळी पुढील गर्भधारणेपूर्वी जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घेणे योग्य असते. मात्र ती तपासणी होणाऱ्या बाळासाठी असते. वाहक व्यक्तीच्या बुद्धीशी, सचोटीशी किंवा रागाशी तिचा काहीही संबंध नाही. शिवाय तिची गरज आहे की नाही हे आधी भावाच्या गुणसूत्र-अहवालावरून ठरते, लग्नाच्या बैठकीत नव्हे.

गुणसूत्रे आणि गुन्हेगारी यांचे नाते जोडण्याची हौस १९६० च्या दशकात खरोखरच होती. चित्रपटातील वैद्यकीय व्याख्यानाचा प्रसंग त्याच वातावरणातला आहे. १९६५ मध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधील धोकादायक मानल्या गेलेल्या रुग्णांच्या एका बंदिस्त रुग्णालयातील पुरुषांत वाय या पुरुषलिंग ठरवणाऱ्या गुणसूत्राची जास्तीची प्रत अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आढळल्याचे नोंदवले आणि वृत्तपत्रांनी लगेच 'खुनी गुणसूत्र' शोधले. १९७६ मध्ये डेन्मार्कमधील पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात अशा पुरुषांमध्ये शिक्षा झालेल्यांचे प्रमाण जास्त दिसले, पण हिंसक गुन्ह्यांकडे त्यांचा विशेष कल असल्याचा पुरावा मिळाला नाही. हा सगळा वाद वाय गुणसूत्राचा होता, एकविसाव्या गुणसूत्राचा नव्हे, आणि भावंडांचा तर मुळीच नव्हे.

'भोळ्यांपासून सावध राहा' हा सल्ला तर चित्रपटच न पाहिल्याचा पुरावा आहे. मार्टिन मतिमंद नाही. दुकानात चोरी करताना पकडला गेल्यावर तो 'जॉर्जी' नावाच्या बालबुद्धी मुलाचे सोंग घेतो आणि त्या सोंगाच्या आधारे सुसानच्या, म्हणजे हेली मिल्स यांनी केलेल्या तरुणीच्या, घरात शिरकाव करतो. धोका आहे तो धडधाकट बुद्धीच्या, देखण्या, आपल्या मोहकपणाचा हिशेबाने वापर करणाऱ्या माणसाकडून. खऱ्या डाउन सिंड्रोमचा पीट कुणाला इजा करत नाही. सोंगाचा दोष खऱ्या मुलांच्या माथी मारणे मला या मजकुरातील सर्वांत संतापजनक गोष्ट वाटते, कारण आमच्या भाच्यासारखी मुले आधीच शेजारपाजारच्या नजरा सोसत वाढतात.

राहिलेले दावे थोडक्यात निकालात निघतात. कथा काल्पनिक आहे: रॉजर मार्शल यांच्या कथेवरून लिओ मार्क्स आणि दिग्दर्शक रॉय बौल्टिंग यांनी पटकथा लिहिली. बंदीही नव्हती. चित्रपट प्रौढांसाठीच्या 'एक्स' प्रमाणपत्रासह चित्रगृहांत लागला, आणि सुसानच्या आईची भूमिका करणाऱ्या बिली व्हाइटलॉ यांना याच भूमिकेसह 'चार्ली बबल्स'मधील कामासाठी सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. मजकुरात 'खुन्याची खरी शीळ' म्हणून ज्या सुरावटीचा उल्लेख येतो, ती बर्नार्ड हर्मन यांनी या चित्रपटासाठी रचली होती, आणि २००३ च्या 'किल बिल' या चित्रपटामुळे ती नव्या पिढीच्या कानावर पडली. चित्रपट म्हणून त्यात हर्मन यांचे संगीत आणि व्हाइटलॉ यांचा अभिनय पाहण्याजोगा आहे. दोष आहे तो एका दुर्बल कथाकल्पनेला वैद्यकीय भाषेचा मुलामा देण्यात, आणि तो मी बौल्टिंग यांनाही माफ करत नाही. ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवला आहे, त्यांनी ज्या गटात तो टाकला त्याच गटात, चित्रपटाच्या सुरुवातीचे ते निवेदन न कापता टाकावे आणि ज्या घरांना तो नावानिशी पाठवला त्यांची स्पष्ट शब्दांत क्षमा मागावी.