पार्सल माघारी का आलं : एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या जळगावच्या पापडांच्या दुकानाबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा, आणि खाली लिहिलंय : "पैसे आगाऊ घेतले, पार्सल आलंच नाही. महिन्याने फोन केला तर म्हणे परत आलं. आता पुन्हा पाठवायचे पैसे मागतात. पोस्टमनने फेरीच मारली नसेल आणि हे लोक त्याच्याआड लपतात. ही लुबाडणूक आहे."

पोस्टमनचं आधी सांगते, आमचं नंतर.

पार्सल परत आलं तेव्हा भाच्याने ते तसंच फळीवर ठेवून दिलं होतं. तुमचा अभिप्राय वाचल्यावर मी ते खाली काढून नीट बघितलं. वरच्या कागदावर पोस्टमनच्या हातचा शेरा आहे, तारीख आणि सहीसकट : ‘नो सच पर्सन’. या पत्त्यावर या नावाचं कोणी राहत नाही, असा त्याचा अर्थ. दाराला कुलूप असतं तर ‘डोअर लॉक्ड’ लिहून त्याने चिठ्ठी टाकली असती. मग पार्सल सात दिवस तिथल्या पोस्टात थांबलं असतं, आणि कोणी न्यायला आलं नाही तरच परत निघालं असतं. तुमचं थांबलंच नाही. तो गेला, दार वाजवलं, दार उघडलं, आणि आतली माणसं वेगळीच निघाली. भाऊ, फेरी झाली होती. झाली म्हणूनच हा शेरा आला.

मग वेगळी माणसं का निघाली? तुमचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज पुन्हा काढला. घर नंबर बरोबर, सोसायटी बरोबर, रस्ता लिहिलेलाच नाही, आणि पिन कोडचे शेवटचे दोन आकडे उलटे पडलेत. (तुमचा पत्ता इथे चारचौघांत लिहीत नाही, फोनवर सांगते.) सोसायटीचं नाव असं की पुण्यात चार ठिकाणी सापडावं. आपलं पार्सल त्यातल्या दुसऱ्याच ठिकाणी गेलं.

लोकांना वाटतं पोस्टात पत्ता वरून खाली वाचतात. तसं नसतं. पार्सल जळगावातून निघतं तेव्हा तुमच्या सोसायटीशी कोणाला देणंघेणं नसतं, सगळी वाटणी पिनवर चालते. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. पहिले तीन आकडे मिळून कुठल्या भागाच्या थैलीत टाकायचं ते ठरतं, आणि शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस सांगतात. आमचं जळगाव ४२५००१, धुळं ४२४००१. बाकीचा पत्ता नीट वाचतो तो शेवटचा माणूस, पोस्टमन. आणि त्याला माहीत असते ती त्याची स्वतःची बीट, म्हणजे वाटपाचा ठरलेला भाग. शेजारच्या पोस्टाच्या हद्दीत त्याच नावाची दुसरी सोसायटी आहे हे त्याला माहीत असेलच असं नाही.

हा पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, आणि संस्कृतातले कवी. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. त्याआधी कसं चालत असेल, देव जाणे. नुसतं पिंपळगाव म्हटलं तर कोणतं धरायचं? आमच्या पाचोऱ्याकडचं हरेश्वर की नाशिककडचं बसवंत?

तुम्ही मूळचे भुसावळचे, म्हणून समजेल. आमच्या सासूबाईंच्या गावी नाव, मु. पो. आणि ‘मारुतीच्या पारामागे’ एवढं लिहिलं की पत्र थेट ओट्यावर येतं, कारण पोस्टमन गावातलाच. पार्सल परत आलं तेव्हा त्याही विचारत होत्या, "माघारे का बरं उनं?" पुण्यात पार बघून कोणी वाटप करत नाही, हे त्यांना पटवता पटवता माझा चहा गार झाला.

जे दार उघडलं तिथंच पार्सल का नाही ठेवलं, असं तुम्ही फोनवर म्हणालात. स्पीड पोस्ट सही घेऊनच देतात. नाव जुळत नसलेल्या माणसाच्या हातात तुमचे पापड त्याने दिले असते, तर ते परतही आले नसते.

आता आमचं.

पोस्टमन तुम्हाला फोन करू शकला असता. नंबर पार्सलवर होता, पण आमच्या पोरांनी त्याच्यावरूनच तपकिरी टेप मारली होती. मी स्वतः बोट फिरवून बघितलं, चार आकडे सोडले तर काही वाचता येत नाही. ही चूक शंभर टक्के आमची. आमचा पूर्ण पत्ता मात्र मागच्या बाजूला होता, म्हणून ते घरी तरी आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता नसला की असा माल रिटर्न लेटर ऑफिसात जातो, आणि ठिकाण शोधायला तिथे उघडावा लागतो. पूर्वी त्या ऑफिसला डेड लेटर ऑफिस म्हणायचे.

दुसरी चूक मोठी. पार्सल परत निघाल्याचं ट्रॅकिंगवर दिसत होतं. पण मार्च ते मे आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. ४४ अंशांच्या उन्हात बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कुरडया वाळत असतात, दहा बाया कामाला असतात, आणि फोन खाली गल्ल्यावर पडलेला असतो. पार्सल हातात आल्यावरही तुम्हाला कोणी कळवलं नाही. महिन्याने तुम्ही फोन केला तेव्हा तोंड उघडलं, आणि तेव्हाही भाच्याने पहिली गोष्ट काय सांगितली, तर पुन्हा टपालखर्च द्यावा लागेल. पोस्टात नव्याने बुक करायचं तर खर्च पुन्हा लागतो हे खरं. पण निम्मी चूक आमची असताना तो तुमच्याकडे मागायला नको होता. तो आता आम्ही भरतो.

लुबाडणूक हा शब्द तेवढा लागला. पण तुमच्या जागी मी असते तर कदाचित मीही तोच लिहिला असता.

जुन्या पार्सलमधल्या बिबड्यांचा प्रवासात भुगा झाला होता, तो पोरांनी तेल-तिखट घालून संपवला. तुमच्यासाठी उडदाचे पापड आणि बिबडे या आठवड्याच्या वाळवणातले घेतलेत, काळा मसाला शनिवारी कुटलाय. नंबर या वेळी टेपच्या वर, जाड पेनाने. पार्सल बांधून गल्ल्याशेजारी ठेवलंय. फक्त रस्त्याचं नाव आणि पिन एकदा घरच्या लाइट बिलावर बघून दुकानाच्या नंबरवर कळवा. दुपारी बाराच्या आत कळवलंत तर त्याच दिवशी पोस्टात जाईल.